कारवंडीची राई आणि माझा एक शब्द

विश्रामबाग

कारवंडीला जायचं खरं कारण मी बायकोला सांगितलं तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. त्याआधी मी नुसतंच "जरा डोंगराकडे जाऊन येऊ, हवापालट होईल" असं म्हणत होतो. तिला ते पटत नव्हतंच. हवापालटाला माणूस महाबळेश्वरला जातो. ढेबेवाडीच्याही पुढे, पायी चढून जायच्या गावाला कोण कशाला जाईल?

मी मूळचा वाईचा. नोकरीची बरीच वर्षं साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यात काढली आणि निवृत्तीनंतर मुलीजवळ म्हणून सांगलीत विश्रामबागेला आलो. कोणत्या खात्यात होतो ते लिहीत नाही. वाचणाऱ्याला अंदाज येईलच. शिवाय इथे जी चूक सांगायची आहे ती खात्याची नाही, माझी आहे.

झालं होतं असं की पेपरात कारवंडीची छोटी बातमी आली. वाघजाई देवीच्या राईतून सरकार जाळपट्टा काढणार आहे आणि गावच्या बाया पाळीपाळीनं राईत बसून राहिल्या आहेत, अशी. जाळपट्टा म्हणजे काय ते ज्यांनी डोंगर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो पसरू नये म्हणून थंडीच्या अखेरीस सरकारी माणसं स्वतःच एक रुंद पट्टा ठरवून जाळतात. पुढे वणवा आला तर जळायला काही उरलेलं नसल्यामुळे तो तिथे अडतो. गवताळ डोंगरावर ही रीत चांगली आहे. पण देवाच्या नावानं शेकडो वर्षं राखलेल्या झाडीतून असा पट्टा काढायचा म्हणजे ती झाडीच जाळायची. बातमीच्या शेवटी सरकारी बाजू एका ओळीत दिली होती. जाळण्याची जुनी प्रथा ग्रामस्थांचीच आहे, असं त्यात म्हटलं होतं.

ती ओळ कुठून आली ते मला माहीत होतं. ती माझ्या तोंडून आलेली होती.

वीसेक वर्षांपूर्वी आमचे साहेब परप्रांतातले होते. त्यांना मराठी येत नसे. कारवंडीच्या राईच्या कडेला आम्ही उभे होतो आणि मी दुभाष्याचं काम करत होतो. साहेबांनी विचारलं, इथले लोक जाळतात का? मी समोरच्या माणसाला तसं विचारलं. तो अंगानं काटक, चाळिशीतला शेतकरी होता, नाव ज्ञानू. तो म्हणाला, "व्हय, रान भाजतो की आमी दरसाल. न्हाईतर तरवा यील कसा?"

तरवा म्हणजे भाताची, नाचणीची लावणीआधी वाढवायची रोपं. त्यासाठी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरून ती जमीन भाजून घेतात. डोंगरातल्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं. मी साहेबांना सांगितलं, "येस सर, दे बर्न द फॉरेस्ट एव्हरी इयर." दुसरं वाक्य मी गाळलं, कारण तरव्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला त्या वेळी आठवलं नाही.

एवढंच घडलं होतं. शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगताना माझा चहा गार झाला. ती आटपाडीची. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तिची भाषा माझ्यासारखी झाली आहे, पण राग आला की माहेरची बोली वर येते.

"रान म्हंजी जंगल?" ती म्हणाली. "माझ्या बापाच्या रानात बसून हुरडा खाल्लासा, तवा काय जंगलात बसला हुतासा?"

'रान' म्हणजे शेत, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. सासुरवाडीत मी तो शब्द रोज ऐकत होतो. पण त्या दिवशी डोक्यावर इतकी झाडी होती की मला रान म्हणजे तीच वाटली.

"मग कळलं कधी?"

"जीप खाली उतरेपर्यंत कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब माझ्या इंग्रजीचं कौतुक करत होते."

तिनं टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "मी पण येणार. एकटे गेलात तर तिथं जाऊन दुसरंच काहीतरी बोलाल."

ढेबेवाडी

आमच्या शेजारच्या चौगुले वहिनींनी वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्या जैन, म्हणून चटणीत लसूण नव्हता. "दिवस बुडायच्या आत खाऊन घ्या, डोंगरात काळोख लवकर पडतो," असंही त्यांनी बजावलं. त्यांच्या घरची ती रीतच आहे, डोंगर असो वा नसो.

कराडपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. त्यानंतर जमीन उंचसखल व्हायला लागते, उसाचे तुकडे लहान होत जातात आणि ढेबेवाडीच्या खोऱ्यात शिरलं की तिन्ही बाजूंना डोंगर उभे राहतात. थंडी सरत आली होती तरी ओढ्यांना पाणी होतं. शालन खिडकीतून ते पाणी बघत होती. आटपाडीची माणसं पाणी जशी बघतात तशी सांगलीची माणसं सोनंही बघत नसतील.

"हे असंच वाहून जातं?" तिनं विचारलं.

"असंच."

"आणि आमच्याकडं टँकरमागं पळायचं," ती म्हणाली आणि जणू पाणी माझ्याच मालकीचं असल्यासारखी माझ्यावर रुसून बसली.

ढेबेवाडीच्या स्टँडजवळ एका हॉटेलात चहा घेतला. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, पण भजी ताजी होती. मालक गप्पिष्ट निघाला.

"कारवंडीला व्हय? राईच्या सभेला आलासा जणू. उद्या सायेब येनार हाय म्हनं."

"लोक ऐकतील का साहेबांचं?"

"न्हाई ऐकायचं. बाया लय खमक्या हायती. त्यांची सरपंच बी बाईच हाय, कोंडाबाई. आवं, ह्ये समदं त्या जाळ्यानं केलंया."

"कोण जाळ्या?"

"म्हातारा हाय एक. मागं त्यानंच सायबाला म्हनं सांगितलं, आमीच जाळतो, तुमी बी जाळा. सरकारनं पट्टा जाळला आनि खालची निम्मी राई गेली बघा त्या वर्सी. तवापास्नं गाव त्याला जाळ्याच म्हनतंय. पोरंबाळं बी जाळ्याच्याच घरची."

"नाव काय त्याचं?"

"नाव ज्ञानू. पर त्या नावानं इचारलंसा तर घर सापडायचं न्हाई."

शालननं कप खाली ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी अजूनही तिचा आभारी आहे.

घरून निघताना मी राईसाठी निघालो होतो. झाडांचं नुकसान मला माहीत होतं. एका माणसाचं नाव त्यात जळालं आहे हे मला ढेबेवाडीच्या त्या शेडमध्ये, हातात भजं धरलेलं असताना कळलं. पुढची वाट मी त्या माणसासाठी चढलो.

वाट

कारवंडीला गाडीरस्ता झाला आहे, पण तो अर्ध्यावर संपतो. पुढे सरकारी जीप तेवढी कशीबशी चढते, बाकीच्यांना पायवाट आहे. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी काठी घ्यावी. मी घेतली नव्हती. पहिल्याच चढाला वाळक्या पाल्यावरून घसरून मी असा बसलो की शालन घाबरली, मग मला काही झालं नाही हे पाहून हसायला लागली. तिचं हसू थांबेना, आणि त्याच गडबडीत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. मग मीही हसलो. त्या दिवसभरात छातीवरचं ओझं थोडं हललं ते तिथेच पहिल्यांदा.

वरून एक बाई उतरत होती, डोक्यावर निरगुडीच्या फांद्यांचा भारा. आम्हाला बघून थांबली.

"कुनाकडं निघालासा?"

"राई बघायला आलोय," मी म्हणालो.

"पेपरवाले का?"

मी नाही म्हणणार तोवर शालन म्हणाली, "ह्यांना उद्या सभेत बोलायचंय. जुनी माहिती आहे ह्यांना."

बाईनं आमच्याकडे नीट बघून घेतलं. मग भारा वाटेच्या कडेला टाकला, त्यातली वेल सोडून तिनं शालनची चप्पल तिथल्या तिथे बांधून दिली. "मी कोंडाबाई. सरपंच," ती बांधता बांधता म्हणाली. "चला, माज्याकडंच ऱ्हावा. दुसरीकडं कुटं ऱ्हानार?"

फांद्या कशाला, असं विचारल्यावर ती म्हणाली, "खराटं करायचं. आमी ठरिवलंय, जाळायचं न्हाई, झाडायचं."

त्यांची युक्ती साधी होती. जाळपट्ट्याचं काम काय, तर जळायला काही उरू द्यायचं नाही. मग जाळून मोकळं करण्याऐवजी राईच्या भोवतीचा पट्टा झाडून मोकळा केला तर? पाला नाही, गवत नाही, नुसती माती. वणवा आला तर तिथे अडेल. अडचण एकच होती, ती देवाची. वाघजाईच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर न्यायची नाही, असा नेम. पानसुद्धा नाही. मग झाडलेला पाला टाकायचा कुठे? त्यांनी देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवायची आणि उजवं आधी पडलं तर होकार.

"पडलं उजवं?"

"पडलं. पर देवीनं अट घातली म्हनं, पाला भाईर जायाचा न्हाई. म्हंजी आमच्या पुजाऱ्यानं घातली, पर त्येला बी देवीनंच सांगितलं असंल," कोंडाबाई म्हणाली. "तवापास्नं आमी आत लोटतोय."

रात्री जेवायला नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. आमच्या वाईत पाहुण्याला आग्रह करून वाढतात. इथे विचारतच नाहीत. ताट रिकामं दिसलं की भाकरी पडते. शालनला ही रीत फार आवडली. तिच्या माहेरीही असंच आहे म्हणाली.

झोपण्याआधी तिनं मला एकच सांगितलं. "उद्या सभेत बोलायच्या आधी त्या माणसाला सांगा. त्याला गावासमोर पहिल्यांदा कळायला नको."

राई

सकाळी आम्ही राईत गेलो. ज्यांनी जुनी राई पाहिली नाही त्यांना ती कशी सांगावी ते मला कळत नाही. बाहेर ऊन होतं. आत पाऊल टाकलं आणि अंगावर शाल घ्यावीशी वाटली. जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि ज्यांची नावं मी नोकरीत पाठ केली होती पण आता आठवेनात अशी कितीतरी झाडं. गारंबीचा एक वेल माझ्या मांडीपेक्षा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेलेला. त्याला हातभर लांब शेंगा लटकत होत्या. पाल्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. वरचा थर कोरडा, खाली ओल. बाया खराटे घेऊन कडेनं झाडत होत्या, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. आंदोलन म्हटल्यावर मी घोषणा, फलक असं काही डोळ्यांसमोर आणलं होतं. इथे अंगण झाडावं तसं चाललं होतं.

"ज्ञानूचं घर कुठं आहे?" मी कोंडाबाईला विचारलं.

"त्यो घरी नसनार. तिकडं खालच्या अंगाला असंल. त्येला पाळी न्हाई दिलेली, पर त्यो आपला येतो. कुनी त्येच्यासंगं नसतंय."

खालच्या अंगाला म्हणजे जळालेल्या बाजूला. राई एका रेषेत संपली. त्या रेषेच्या पलीकडे घाणेरीची झुडपं, गवत आणि मधूनमधून काळे बुंधे. एवढ्या वर्षांत तिथे सावली परत आलेली नव्हती. रेषेवर एक म्हातारा एकटाच झाडत होता. त्यानं झाडलेला पट्टा बायांनी झाडलेल्यापेक्षा रुंद होता.

मी जवळ गेलो आणि नाव सांगितलं. त्याला नाव आठवलं नाही. मग म्हणालो, "साहेबांबरोबर जीपमधून आलेला. इंग्रजी बोलणारा."

त्यानं खराटा थांबवला. "तुमीच का त्ये? तवा केस काळं हुतं तुमचं."

"हो."

मी सगळं सांगितलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, काय गाळलं, जीपमध्ये काय कळलं आणि मी का गप्प बसलो. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली, खालची राई जळाल्याचं मला दुसऱ्याच जिल्ह्यात कळलं, हेही सांगितलं. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

त्यानं खराट्याच्या टोकानं एक पान आत लोटलं. मग म्हणाला, "म्या त्या दिशी काय म्हनालो हुतो, त्ये तुमास्नी आठवतंय?"

"शब्द न् शब्द."

"म्हना बरं."

मी म्हणालो, "व्हय, रान भाजतो की आमी दरसाल. न्हाईतर तरवा यील कसा?"

"तरवा म्हनालो हुतो न्हवं?"

"म्हणाला होता."

तो खाली दगडावर बसला. खराटा मांडीवर आडवा ठेवला. "गाव म्हनतंय, तू तरवा म्हनालाच न्हाईस. मागनं जोडलंस. लय वर्सं म्या सांगितलं, म्हनालो हुतो म्हनून. कुनी ऐकलं न्हाई. हल्ली हल्ली मलाच वाटाय लागलं हुतं, म्हनालोच नसंन." मग जरा वेळानं, "बायकू शेवटपातूर म्हनायची, तुमी म्हनालाच असनार. ती गेली."

शालन पुढे झाली आणि त्याच्या शेजारच्या दगडावर बसली. मला कुणी बस म्हटलं नाही. मी उभा राहिलो.

सभा

साहेब दुपारी आले. तरुण होते, विदर्भातले, बोलायला मऊ. देवळाच्या पारावर घोंगडी अंथरली होती तिच्यावर बसले. गाव समोर बसलं. ज्ञानू सगळ्यांच्या मागे, एका भिंतीला टेकून.

साहेबांनी शांतपणे समजावून सांगितलं. राईत पाला फार साठला आहे, एक ठिणगी पडली तर सगळं जाईल, म्हणून पट्टा मधून काढायला हवा. "आणि जाळणं काही आम्ही नव्यानं आणलेलं नाही. तुमचीच प्रथा आहे, असं वरून चालत आलंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "त्ये जाळ्याला इचारा." दोघं-तिघं हसले.

मी उठलो. मी म्हणालो की ही प्रथा या गावची नाही, ती माझ्या तोंडून जन्मली आहे. मग सकाळी सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्यांकडे बघून. ज्ञानू पुरं वाक्य बोलला होता. अर्धं मी पुढे नेलं, तेही चुकीचं.

साहेब म्हणाले, "पण रान म्हणजे जंगलच ना? आमच्याकडं तर तसंच म्हणतात. शेताला आम्ही वावर म्हणतो."

कोंडाबाईनं मान वळवून विचारलं, "सखे, तुजा मालक कुटाय गं?"

"रानात."

"जंगलात गेलाय?"

"जंगलात कशाला मराय जातोय? हरभरा उपटतोय."

गाव हसलं. साहेबही हसले. मग मला म्हणाले, "आणि तरवा?"

"सीडलिंग," मी म्हणालो. "तेव्हा आठवलं नव्हतं."

"एवढी वर्सं लागली व्हय आठवायला?" पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि तो रागापेक्षा जड होता.

"आठवलं लवकरच होतं," मी म्हणालो. "यायला एवढी वर्षं लागली."

त्यानं मान हलवली आणि तंबाखू मळायला लागला.

साहेब उठले, म्हणाले राई बघू. सगळं गाव मागे. झाडलेल्या पट्ट्यावरून ते बराच वेळ चालले. मग आत वाकून त्यांनी पाल्यात हात खुपसला, मूठभर वर काढला. तळातला पाला काळा, ओला, माती होत आलेला. त्यांच्या बोटांना तो चिकटला. ते खालच्या अंगालाही गेले. तिथल्या एका काळ्या बुंध्यावरून त्यांनी हात फिरवला.

परत आल्यावर म्हणाले, "मधून पट्टा काढायची गरज मला दिसत नाही. हा झाडलेला पट्टाच धरू. पहिला पाऊस पडेपर्यंत रोज असाच स्वच्छ पाहिजे, मी येऊन बघणार. वर मी सांगतो. तुम्ही मला लेखी द्याल ना?" हे मला.

"देतो," मी म्हणालो, आणि तिथेच पारावर बसून दिलं.

वर त्यांचं ऐकतील की नाही, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. हे लिहितो आहे तोवर तो उन्हाळा सरला आहे आणि राई उभी आहे, एवढं मला कोंडाबाईकडून कळलं आहे.

साहेबांची जीप गेल्यावर मला वाटलं, आता गाव ज्ञानूकडे वळेल, कुणी काही बोलेल. कुणी बोललं नाही. माफी मागण्याची रीत आपल्याकडे शहरात तरी कुठे आहे? लोक चुळबुळत बसून राहिले. मग कोंडाबाईनं पाळ्या सांगायला सुरुवात केली, उद्या सकाळी कोण, दुपारी कोण. पहिलंच नाव तिनं घेतलं, "सकाळच्याला ज्ञानूआबा."

'आबा' शब्द ऐकून भिंतीशी टेकलेला म्हातारा सावरून बसला. मग खाकरला.

"सकाळच्याला मला न्हाई जमायचं. गारठा सोसत न्हाई. दुपारची द्या."

"समद्यास्नीच दुपारची पायजे," सखू म्हणाली.

"तू तरनी हाईस. तुला काय धाड भरलीया?"

"आनि सकाळच्याला माज्या म्हशी कोन सोडनार, तुमी?"

त्यावरून बरीच बाचाबाची झाली. दोघं ज्ञानूच्या बाजूनं बोलले, तिघं सखूच्या. मी शालनकडे पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाली, "भांडताहेत त्याच्याशी. बरं झालं."

दुपारची पाळी

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला ज्ञानूबरोबर कुणी जायचं हे ठरलं नव्हतं, म्हणून मी गेलो. शालन कोंडाबाईकडे नाचणीचे पापड करायला बसली होती. आटपाडीकडे बाजरीचे करतात, तिला फरक बघायचा होता.

राईत आम्ही दोघंच होतो. त्यानं मला खराटा दिला. मी पाला बाहेर लोटायला लागलो, तेव्हा "आत, सायेब, आत" असं दोनदा म्हणाला. थोडा वेळ झाडल्यावर आम्ही एका हिरड्याखाली बसलो. त्यानं पुडीतून गूळ आणि फुटाणे काढले, निम्मे मला दिले. वर कुठेतरी शेकरू खडखड करत होतं. अर्धवट खाल्लेलं एक फळ आमच्या मधे येऊन पडलं.

मला वाटलं, आता म्हणावं. सभेत मी गावाला सांगितलं होतं, त्याला आदल्या सकाळी हकिकत सांगितली होती, पण माफी अशी मागितली नव्हती.

"ज्ञानूआबा," मी म्हणालो, "मला तुमची..."

"त्ये ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. पागोटं सोडून त्यानं त्याची उशी केली. "तुमी जागं ऱ्हाताय न्हवं? मग मी जरा पडतो. लय दिस झालं हितं पडून."

तो पाल्यावर आडवा झाला. थोड्याच वेळात घोरायला लागला, अगदी मोठ्यानं, की वरचं शेकरू गप्प झालं. वारा आला की दोन-चार पानं त्याच्या अंगावर पडत. मी ती उचलत नव्हतो. राईतलं पान राईतच राहू द्यायचं असतं, आणि त्याची झोपही मोडायची नव्हती. उन्हं कलून खालच्या अंगाकडे गेली तरी मी तसाच बसून होतो, खराटा मांडीवर घेऊन, त्या रेषेकडे नजर ठेवून.